ब्रिटनचा पोस्टकोड आणि फोनचा एरिया कोड कसा वाचायचा?

प्रश्न थोडक्यात असा: मुलगी सप्टेंबरात लेस्टरला शिकायला जाते आहे. तिच्या खोलीच्या पत्त्यात अक्षरं आणि अंक मिसळलेला पोस्टकोड आहे, एजंटचा फोन ‘+४४ (०)११६’ असा छापलेला आहे, आणि लंडनच्या नातेवाइकांचा नंबर ०२० ने सुरू होतो, म्हणजे थेट पुण्यासारखा. आपला पिनकोड आणि एसटीडी कोड बघून जसा अंदाज येतो, तसा यांच्यावरून येतो का?

येतो. ब्रिटनमध्ये पार्सलं पोचवणाऱ्या कंपन्यांसाठी पत्त्यांची माहिती तपासायचं आणि चुकलेले पत्ते दुरुस्त करायचं काम मी बरीच वर्षं करते आहे. नव्याने आलेल्या मुलांच्या ज्या अडचणी माझ्यापर्यंत पोचतात, त्यांतल्या बऱ्याचशा एकाच गैरसमजातून निघतात. लोकांना वाटतं की कोड म्हणजे त्या जागेची ओळख. प्रत्यक्षात पोस्टकोड जन्माला आला तो पत्र कुठल्या थैलीत टाकायचं हे सॉर्टिंगच्या टेबलावर कळावं म्हणून, आणि एरिया कोड आला तो कॉल कुठल्या एक्स्चेंजकडे वळवायचा हे यंत्राला कळावं म्हणून. काउंटी (आपल्या जिल्ह्यासारखा विभाग), शहराची हद्द, अंतर यांच्याशी कोड जुळला तर तो योगायोग. ही गोष्ट मनात धरून वाचलंत, तर त्यातल्या विचित्र वाटणाऱ्या प्रत्येक गोष्टीला कारण सापडतं.

लेस्टर विद्यापीठाचाच पोस्टकोड घेऊ: एलई१ ७आरएच. (पाकिटावर तो रोमन लिपीत, मोठ्या अक्षरांत, पत्त्याच्या अगदी शेवटच्या ओळीत लिहायचा.) मधल्या मोकळ्या जागेने त्याचे दोन तुकडे होतात. पहिला तुकडा आउटवर्ड कोड, दुसरा इनवर्ड कोड. देशात कुठेही पेटीत पडलेलं पत्र लेस्टरच्या दिशेने धाडायला पहिला तुकडा पुरतो. लेस्टरला पोचल्यावर ते कुठल्या बीटवर (पोस्टमनच्या फेरीवर), कुठल्या रस्त्याच्या कुठल्या भागात जाणार हे दुसरा तुकडा सांगतो. आणखी उकललं तर ‘एलई’ हा एरिया, ‘एलई१’ हा डिस्ट्रिक्ट, ‘एलई१ ७’ हा सेक्टर, आणि शेवटच्या दोन अक्षरांसह पूर्ण कोड म्हणजे युनिट. डावीकडून उजवीकडे जाताना जागा लहान होत जाते.

पहिल्या तुकड्याची लांबी बदलते. तो दोन, तीन किंवा चार अक्षर-अंकांचा असतो. दुसरा तुकडा मात्र नेहमी तीनचाच: आधी एक अंक, मग दोन अक्षरं. त्यामुळे कुणी मोकळी जागा न सोडता सगळं सलग लिहिलं असेल, तर उजवीकडून तीन मोजा आणि तिथे जागा सोडा. ही युक्ती कधीच चुकत नाही. शेवटच्या दोन अक्षरांत सी, आय, के, एम, ओ आणि व्ही ही सहा अक्षरं येत नाहीत. हाताने लिहिताना त्यांची इतर अक्षरांशी किंवा अंकांशी गल्लत होते म्हणून ती वगळली आहेत. कुणी पाठवलेल्या पोस्टकोडच्या शेवटी ‘एम’ दिसला तर तो बहुधा ‘एन’ आहे, आणि ‘ओ’ दिसला तर चूक नक्की आहे.

ओ आणि शून्याचा घोटाळा तर रोजचा. वेम्बलीचा एक डिस्ट्रिक्ट आहे ‘एचए’ आणि पुढे शून्य, क्रॉयडनचा ‘सीआर’ आणि पुढे शून्य. इंग्रज माणूस फोनवर शून्याला ‘ओ’च म्हणतो, त्यामुळे आपली मुलं ते अक्षर समजून लिहून घेतात आणि वेबसाइट पत्ता नाकारते. एरियाच्या एका किंवा दोन अक्षरांनंतर लगेच जे येतं ते अंकच असतं, हे लक्षात ठेवलं की प्रश्न मिटतो.

आता पिनकोडशी तुलना. ती करायला हवी, कारण आपल्या मनातलं माप तिथूनच येतं. श्रीराम भिकाजी वेलणकर या कोकणातल्या, संस्कृतचे मोठे जाणकार असलेल्या अधिकाऱ्याने आखलेली पिनकोड पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. तिचा हेतू वेगळा होता. देशात भाषा अनेक, लिप्या अनेक, एकाच नावाची गावं असंख्य. त्यामुळे फक्त अंक, आणि ते सहा अंक जाऊन थांबतात एका वितरण टपाल कार्यालयापाशी. तिथून पुढचं काम पोस्टमनच्या ओळखीवर आणि ‘अमक्या मारुतीजवळ’ या ओळीवर चालतं. साऱ्या भारतात पिनकोड आहेत सुमारे १९ हजार. ब्रिटन आकाराने महाराष्ट्रापेक्षा लहान, तरी तिथले चालू पोस्टकोड सतरा-अठरा लाखांच्या घरात जातात. एका पोस्टकोडात सरासरी पंधराच्या आसपास पत्ते असतात, म्हणजे बऱ्याचदा रस्त्याची एक बाजू किंवा एक इमारत. भरपूर टपाल येणाऱ्या संस्थेला स्वतःचा वेगळा पोस्टकोडही मिळतो.

म्हणून ४११०३० सारख्या पिनकोडच्या तोडीचं तिथे काही शोधायचं, तर ते ‘एलई२’ एवढ्या अर्ध्या तुकड्यात सापडेल. पूर्ण पोस्टकोड त्याच्या कितीतरी पुढे जातो. घराचा क्रमांक आणि पोस्टकोड एवढ्या दोनच गोष्टींवर पत्र घरी येऊ शकतं, आणि दुकानदार, दवाखाना, कुरियरवाला सगळे तुम्हाला तेवढंच विचारतात. रस्त्याचं नाव ते स्वतःच स्क्रीनवर बघून सांगतात. आपल्याकडून गेलेल्यांना पहिल्या पहिल्यांदा हे फार नवल वाटतं. त्याची दुसरी बाजूही लक्षात घ्या. पिनकोडात एक अंक चुकला तरी पोस्टमन सावरून घेतो. पोस्टकोडात एक अक्षर चुकलं तर पत्र यंत्राच्या वाटेने शांतपणे दुसऱ्याच गल्लीत जातं.

हे सगळं एका दिवसात उभं राहिलं नाही, आणि लंडनचे कोड समजून घ्यायचे तर थोडा इतिहास लागतोच. १८५७-५८ मध्ये ब्रिटिश टपालखात्याचे सुधारक रोलंड हिल यांनी लंडनचे दिशांनुसार दहा टपाली भाग केले: मध्यभागाचे ईसी आणि डब्ल्यूसी, आणि भोवतालचे एन, एनई, ई, एसई, एस, एसडब्ल्यू, डब्ल्यू, एनडब्ल्यू. पुढच्या दशकात एनई आणि एस हे दोन भाग मोडून शेजाऱ्यांत मिसळले. ती अक्षरं मोकळी राहिली आणि शंभर वर्षांनी एनई न्यूकॅसलला, एस शेफिल्डला मिळालं. मग पहिल्या महायुद्धात अनुभवी टपाल कामगार आघाडीवर गेले, त्यांच्या जागी नवी माणसं आली. त्यांना लंडन पाठ नव्हतं. म्हणून १९१७ मध्ये प्रत्येक भागाला आकडे दिले गेले.

हे आकडे अंतराने दिलेले नाहीत. ज्या भागात मुख्य कार्यालय, त्याला १. बाकीच्यांना वितरण कार्यालयाच्या नावाच्या वर्णानुक्रमे. पूर्व लंडन बघा: ई२ बेथनल ग्रीन, ई३ बो, ई४ चिंगफर्ड, ई५ क्लॅप्टन, ई६ ईस्ट हॅम, असं करत ई१७ वॉल्थमस्टो, ई१८ वुडफर्ड. त्यामुळे ई४ हा शहराच्या पार टोकाला आणि ई५ त्याच्या बराच आत. एसई१ थेम्सच्या काठावर, तर एसई२ म्हणजे ॲबी वुड, मैलोन् मैल लांब. ‘आकडा लहान म्हणजे जागा मध्यवर्ती’ या समजुतीने भाड्याची खोली घेणारे दरवर्षी भेटतात. लंडनमध्ये खोली शोधताना आकड्यावर विसंबू नका, नकाशा बघा.

या इतिहासाचे टप्पे आपल्या ओळखीच्या तीन पत्त्यांवर दिसतात. सावरकर ज्या इंडिया हाउसमध्ये राहिले ते हायगेटमधलं, क्रॉमवेल ॲव्हेन्यूवरचं घर. १९०६ ते १९१० च्या काळात तिथे येणाऱ्या पत्रावर दिशेचं एक अक्षर, ‘एन’, एवढंच पुरे होतं. आज तो भाग एन६ आहे. लोकमान्य टिळक १९१८-१९ मध्ये हॉली प्लेसला राहिले, त्या घरावर निळी पाटी आहे. ते येईपर्यंत आकडे लागू झाले होते आणि तो भाग डब्ल्यू२ झाला होता. बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ मध्ये राहिले ते किंग हेन्रीज रोडवरचं घर महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये विकत घेतलं, ते एनडब्ल्यू३ मध्ये. तिन्ही ठिकाणचे हे तुकडे आजच्या पोस्टकोडचा पहिला भाग म्हणून जसेच्या तसे टिकले आहेत. शेवटचे तीन अक्षर-अंक त्यांच्या काळी नव्हते. मध्य लंडनमध्ये पुढे दाटी इतकी वाढली की आकडेही पुरेनात, म्हणून तिथे आकड्यानंतर आणखी एक अक्षर लागलं. बकिंगहॅम राजवाड्याचा एसडब्ल्यू१ए १एए हा त्यातलाच. किंग्ज क्रॉस स्टेशनमागे जुन्या रेल्वे यार्डांच्या जागी नवी वस्ती झाली, तिला एन१सी मिळाला.

पूर्ण पोस्टकोडची गोष्ट सुरू होते नॉर्विचमध्ये, १९५९ साली. तिथे टपालाची वर्गवारी करणारी यंत्रं बसवली होती आणि त्यांच्यासाठी लोकांनी पत्त्यावर कोड लिहून बघावा असा प्रयोग झाला. आज वापरात असलेली रचना त्यानंतर, १९६६ मध्ये क्रॉयडनला आली आणि तिथून टप्प्याटप्प्याने देशभर पसरली. १९७४ मध्ये नॉर्विचचेच जुने कोड बदलून काम पुरं झालं. त्या काळी यंत्रापाशी बसलेला कर्मचारी पाकिटावरचा कोड बघून टाइप करायचा आणि यंत्र पाकिटावर फॉस्फरचे फिकट ठिपके उमटवायचं. पुढची सगळी यंत्रं ते ठिपके वाचून पत्र पुढे ढकलायची.

हद्दींकडे वळते, कारण लोक सर्वांत जास्त अडखळतात ते इथे. एकूण १२४ एरिया आहेत, त्यांत जर्सी, गर्न्सी आणि आइल ऑफ मॅनचे तीन धरले आहेत. एरियाची हद्द म्हणजे सॉर्टिंग कार्यालयाचा आवाका. त्यामुळे एसवाय हा इंग्लंडमधल्या श्रूझबरीचा एरिया थेट वेल्सच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या ॲबरिस्टविथपर्यंत जातो. साऱ्या उत्तर आयर्लंडला एकच बीटी. वेम्बली कारभाराच्या दृष्टीने लंडनच्या ब्रेंट बरोमध्ये (महापालिकेच्या विभागात) आहे, पण टपालाच्या दृष्टीने तिचं पोस्ट टाउन, म्हणजे पत्त्यात लिहायचं टपालाचं गाव, ‘वेम्बली’ आणि एरिया हॅरोचा एचए. साउथॉलचं यूबी, क्रॉयडनचं सीआर. उलट, ई४ मध्ये मोडणारं स्यूअर्डस्टन हे गाव ग्रेटर लंडनच्या बाहेर, एसेक्समध्ये आहे. लेस्टरच्या एलई मध्ये लफबरो येतं, हिंकली येतं, आणि रटलंड या वेगळ्या काउंटीतलं ओकमही येतं. मुलीला ‘एलई’ने सुरू होणारी खोली स्वस्तात मिळते आहे असं कुणी सांगितलं, तर पुढचा आकडा विचारा. एलई१, एलई२, एलई३ म्हणजे शहर. एलई११ म्हणजे लफबरो, तिथून रोज ट्रेनने यावं लागेल.

पत्ता लिहिताना काउंटीचं नाव घालायची गरज १९९६ पासून उरलेली नाही. घराचा क्रमांक आणि रस्ता, पोस्ट टाउन मोठ्या अक्षरांत, खाली पोस्टकोड, आणि भारतातून पाठवताना सर्वांत शेवटी देशाचं नाव. बास.

आता ज्याने मुलांना खरोखर त्रास होतो ते सांगते. रॉयल मेल या ब्रिटनच्या टपालसेवेकडे साऱ्या देशातल्या पत्त्यांची एक फाइल असते, तिला पॅफ म्हणतात. बँक, विमा कंपनी, दुकानं, सगळ्यांचे ‘तुमचा पोस्टकोड टाका’ हे रकाने या ना त्या मार्गाने तिच्यावरच चालतात. त्या फाइलमध्ये घर असतं ते टपाल टाकायची जागा म्हणून. जुन्या मोठ्या घराचे चार भाग करून भाड्याने दिले असतील, पण सगळ्यांचं टपाल एकाच दारातून एकाच ठिकाणी पडत असेल, तर त्या फाइलमध्ये तो एकच पत्ता असतो. आतल्या फ्लॅटांची यादी वेगळी ठेवलेली असते आणि प्रत्येक कंपनी ती घेतेच असं नाही. मग एक कंपनी ‘फ्लॅट २, १४’ म्हणते, दुसरी ‘१४ बी’, तिसरीला फ्लॅट दिसतच नाही. बँकेत खातं उघडताना, फोनचं कंत्राट घेताना ही नोंद दुसऱ्या नोंदीशी जुळत नाही आणि कारण न सांगता अर्ज नाकारला जातो.

उपाय साधा आहे, पण पहिल्याच आठवड्यात करायला हवा. भाडेकरारावर पत्ता ज्या पद्धतीने लिहिला आहे तो रॉयल मेलच्या वेबसाइटवरच्या पत्ताशोधकात पडताळा, एक रूप ठरवा, आणि विद्यापीठ, डॉक्टर, बँक, सगळीकडे अक्षरशः तेच रूप द्या. ब्रिटनमध्ये कायदेशीर वास्तव्य असलेल्या भारतीय नागरिकांना कॉमनवेल्थ देशाचे नागरिक म्हणून मतदार यादीत नाव घालता येतं, विद्यार्थ्यांनासुद्धा. पतपडताळणीत ही यादी बघतात. तिथेही पत्ता त्याच रूपात हवा.

नव्याने बांधलेल्या इमारतीची अडचण वेगळी. रस्त्याचं नाव आणि घरांचे क्रमांक कौन्सिल, म्हणजे तिथली नगरपालिका, ठरवतं, पोस्टकोड रॉयल मेल देतं, आणि ही माहिती सगळ्या कंपन्यांच्या यंत्रणेत झिरपायला काही महिने जाऊ शकतात. तोवर वेबसाइट म्हणत राहते, असा पत्ताच नाही. हाताने पत्ता भरायची सोय असेल तर ती वापरा, शेजारचा पोस्टकोड टाकून वेळ मारून नेऊ नका. तो चुकीचा पत्ता मग वर्षभर नोंदींमध्ये मागे लागतो.

पोस्टकोडवर आणखीही बरंच ठरतं. गाडीच्या विम्याचा हप्ता दोन गल्ल्यांमध्ये बदलतो. स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या आयव्ही, केडब्ल्यू, एचएस, झेडई या एरियांत पार्सल पाठवायला बऱ्याच कंपन्या जादा पैसे घेतात. त्यात इन्व्हरनेससारखं मुख्य भूमीवरचं, रेल्वेने जोडलेलं शहरही भरडलं जातं आणि तिथल्या लोकांचा राग मला पूर्णपणे पटतो. खेड्यात जाताना गाडीच्या नकाशात नुसता पोस्टकोड टाकून निघू नका. शहरात तो तुम्हाला दारात आणून सोडेल. डोंगराळ भागात मात्र त्याच पोस्टकोडात मैलभर पसरलेली शेतघरं असतात आणि नकाशा तुम्हाला त्यांच्या मधोमध कुठेतरी नेऊन उभं करतो.

फोनकडे येऊ, आणि पुण्याच्या ०२० पासूनच सुरुवात करू. सुरुवातीचं शून्य हा कोडाचा भाग दिसत असला, तरी ‘मी माझ्या गावाबाहेर फोन लावतो आहे’ एवढंच तो देशातल्या एक्स्चेंजला सांगतो. परदेशातून फोन लावताना हे शून्य गळतं. उरतो तो २०. भारताचा ९१ आणि त्यापुढे २० म्हणजे पुणे, ब्रिटनचा ४४ आणि त्यापुढे २० म्हणजे लंडन. दोन्ही देशांनी आपापल्या हिशेबाने दिलेला एकच आकडा आहे हा, बाकी संबंध काही नाही. तुमच्या एजंटच्या कार्डावरचं ‘+४४ (०)११६’ हेही याच शून्यामुळे. कंसातलं शून्य ब्रिटनमधून लावायचं, बाहेरून गाळायचं. उदाहरणार्थ ०११६ ४९६ ०१२३ हा नंबर भारतातून ००४४ ११६ ४९६ ०१२३ असा लागेल. (हा नंबर कुणाचा नाही. ऑफकॉम या नियामक संस्थेने नाटक-मालिकांत दाखवण्यासाठी काही नंबर राखून ठेवले आहेत, त्यांतला घेतला आहे.) मोबाइलमध्ये नंबर जतन करताना +४४ लावून, शून्याशिवाय करा. मग तो दोन्ही देशांतून लागतो.

ब्रिटनचे एरिया कोड यादृच्छिक दिसतात, पण जुन्या डायलवर ठेवून बघितले की बोलायला लागतात. ५ डिसेंबर १९५८ रोजी राणी एलिझाबेथ यांनी ब्रिस्टलहून एडिंबराला ऑपरेटरशिवाय फोन लावला आणि तिथे एसटीडी सुरू झालं. आपल्याकडे दोनच वर्षांनी, १९६० मध्ये, कानपूर आणि लखनौ यांच्यामध्ये तेच तंत्र, त्याच नावाने आलं. त्या वेळच्या ब्रिटिश डायलवर आकड्यांबरोबर अक्षरं होती: २ वर ए-बी-सी, ३ वर डी-ई-एफ, ५ वर जे-के-एल, ७ वर पी-आर-एस, ० वर ओ, वगैरे. गावाच्या नावाची दोन अक्षरं घ्यायची आणि मागे एक आकडा लावायचा. केंब्रिज म्हणजे सी-ए-३, म्हणजे ०२२३. लीड्स एल-ई-२, म्हणजे ०५३२. लेस्टर एल-ई-३, म्हणजे ०५३३. लफबरो एल-ओ-९, म्हणजे ०५०९. ऑक्सफर्डचा ०८६५ मात्र ‘युनिव्हर्सिटी’तल्या यू-एन वरून. मोठ्या शहरांना त्याहून लहान कोड मिळाले: लंडन ०१, बर्मिंगहॅम ०२१, एडिंबरा ०३१, ग्लासगो ०४१, लिव्हरपूल ०५१, मँचेस्टर ०६१. लंडन वगळता मधला आकडा त्या त्या शहराच्या पहिल्या अक्षराचा.

मग नंबर अपुरे पडू लागले आणि दहा वर्षांत तीनदा उलथापालथ झाली. मे १९९० मध्ये लंडनचा ०१ फुटून आतल्या भागाला ०७१ आणि बाहेरच्या भागाला ०८१ मिळाला. १६ एप्रिल १९९५ रोजी जवळजवळ सगळ्या कोडांत शून्यानंतर १ घुसवला गेला. केंब्रिज ०१२२३ झालं, मँचेस्टर ०१६१. लीड्स, शेफिल्ड, नॉटिंगहॅम, लेस्टर आणि ब्रिस्टल या पाच शहरांना मात्र ०११३ ते ०११७ असे कोरे कोड मिळाले, कारण तिथे नंबरच संपत आले होते. तुमच्या मुलीचा ०११६ हा असा आलेला आहे, म्हणून त्यात लेस्टरचं नाव लपलेलं सापडणार नाही. शेजारच्या लफबरोच्या ०१५०९ मध्ये मात्र ‘एल-ओ’ अजून शाबूत आहे. पोस्टकोडात ही दोन्ही गावं ‘एलई’, फोनवर पूर्ण वेगळी. दोन यंत्रणांनी आपापल्या सोयीने हद्दी आखल्या, एकीवरून दुसरीचा अंदाज बांधता येत नाही.

तिसरा बदल २२ एप्रिल २००० चा. लंडन पुन्हा एक झालं आणि त्याला ०२० मिळाला, कार्डिफला ०२९, कॉव्हेंट्रीला ०२४, साउथॅम्प्टन-पोर्ट्समथला ०२३, साऱ्या उत्तर आयर्लंडला ०२८. या बदलानंतर इतकी वर्षं झाली तरी लंडनची दुकानं पाटीवर ‘०२०७’ किंवा ‘०२०८’ असा कोड लिहितात. तो चूक आहे. कोड ०२० एवढाच, आणि पुढचा नंबर आठ आकडी: ०२० ७९४६ ०९५८. लंडनच्या लँडलाइनवरून कोड गाळून लावायचा असेल तर ७ धरून आठही आकडे लावावे लागतात. शिवाय ७ म्हणजे आतलं लंडन आणि ८ म्हणजे बाहेरचं हा फरक आता उरलेला नाही. ३ आणि ४ ने सुरू होणारे नंबर तर शहरात कुठेही दिलेले आहेत.

सगळे मिळून सहाशेच्या वर एरिया कोड आहेत. साधारण नियम असा की शहर मोठं तर कोड लहान आणि नंबर लांब. लंडनला दोन आकडी कोड आणि आठ आकडी नंबर, लेस्टरला तीन आणि सात, केंब्रिजला चार आणि सहा. केझिकसारख्या लेक डिस्ट्रिक्टमधल्या गावांना पाच आकडी कोडही आहे. शून्य वगळून एकूण बहुतेक वेळा दहा आकडे भरतात.

शेवटचं, पण खिशाशी थेट संबंध असलेलं. ०१ आणि ०२ म्हणजे जागेशी बांधलेले नंबर. ०३ जागेशी बांधलेला नाही, पण त्याचा दर ०१-०२ इतकाच, मोबाइलच्या मोफत मिनिटांतही तो धरला जातो. ०७ बहुतेक मोबाइल, मात्र ०७० ने सुरू होणारा नंबर मोबाइलसारखा दिसतो आणि नसतो, त्यावर परत फोन करू नका. ०८० मोबाइलवरूनही मोफत, जुलै २०१५ पासून. ०८४ आणि ०८७ वर मात्र दोन आकार लागतात, एक ज्याचा नंबर आहे त्याचा आणि एक तुमच्या फोन कंपनीचा. ०९ सर्वांत महाग. कुठल्याही कंपनीचा ०८४ दिसला तर तिच्याच वेबसाइटवर ०३ चा नंबर शोधा, बहुतेकदा सापडतो.

स्क्रीनवर दिसणाऱ्या कोडावर विश्वास ठेवू नका, हे मुलीला निघण्याआधीच बजावून सांगा. ०२० किंवा ०१३१ दिसलं म्हणजे फोन लंडनहून किंवा एडिंबराहून आला असं नाही. दिसणारा नंबर बनावट करता येतो, आणि व्हिसा किंवा करखात्याच्या नावाने धमकावणारे फोन नव्या विद्यार्थ्यांना हमखास येतात. फोन ठेवायचा आणि संस्थेचा नंबर स्वतः शोधून लावायचा. बँकेच्या नावाने आला असेल तर १५९ लावला की बहुतेक मोठ्या बँकांशी जोडून मिळतं.

जुनं तांब्याच्या तारांचं जाळं जानेवारी २०२७ पर्यंत बंद व्हायचं आहे आणि लँडलाइन इंटरनेटवर चालल्या आहेत. त्यानंतर ०११६ चा नंबर लेस्टरमध्ये वाजेलच याची खात्री उरत नाही. मुंबईत बसलेला माणूसही तो उचलू शकतो. म्हणून एजंटला अनामत पाठवण्याआधी त्याच्या कार्यालयाचा आणि खोलीचा, दोन्ही पोस्टकोड रॉयल मेलच्या पत्ताशोधकात टाका. दिलेला घरक्रमांक त्या पंधरा-वीस पत्त्यांच्या यादीत आहे का बघा, नसेल तर खोली फ्लॅटांच्या वेगळ्या यादीत आहे की इमारत नवी आहे हे लेखी विचारा. विद्यापीठाच्या निवास विभागाला ईमेल करून एजंटची चौकशी करा, आणि ही उत्तरं येईपर्यंत पैसे पाठवू नका.